आकाश निळंशार, धूर नाही, तरी ॲपवर "ओझोन"? वणवे, तेलविहिरी आणि आपलं नागपूरचं ऊन

उन्हाळपाखरू | १४ एप्रिल, दुपारी ४.१०

नमस्कार मंडळी. आम्ही गोरेवाड्याच्या बाजूला राहतो. मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला दमा आहे. त्यामुळे आमच्याकडे सकाळी तापमानाच्या आधी हवेचा आकडा बघितला जातो. मार्च लागला की संध्याकाळी कुठून ना कुठून जळका वास येतोच. कधी कॉलनीतला पाचोळा, कधी रिकाम्या प्लॉटमधलं गवत, आणि वारं तसं असलं तर लांबच्या रानातला वणवा. खिडक्या लावायच्या, इनहेलर हाताशी ठेवायचा, हे आता अंगवळणी पडलंय.

गेल्या आठवड्यात मात्र उलटंच झालं. रात्री धूर होता तेव्हा लेक शांत झोपला. दुसऱ्या दिवशी दुपारी आकाश स्वच्छ, धुराचा मागमूस नाही, आणि सव्वातीनला तो खालून खेळून आला तो छाती धरूनच. डोळे लाल झालेले. ॲप उघडलं तर मुख्य प्रदूषक म्हणून धूलिकण नव्हते, ओझोन होता.

माझा मामेभाऊ आसामात दुलियाजानला तेलक्षेत्रात नोकरीला आहे. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आगीचा धूर काय आणि आमच्या विहिरींचा वायू काय, उन्हात दोन्हींतून हेच तयार होतं." आगीचं मी समजू शकते. पण जमिनीतून तेल काढण्याचा हवेतल्या ओझोनशी काय संबंध? आणि धूर नसताना ओझोन आला कुठून? कुणाला नीट माहीत असेल तर समजावून सांगा. आई म्हणून विचारतेय.

वऱ्हाडी_ठेचा | १४ एप्रिल, दुपारी ४.३२

ताई, ओझोन तं चांगला असते नं? शाळेत शिकवलं होतं, त्याच्या थराले भोक पडलं म्हणून सारं जग काळजीत पडलं होतं. मंग तो वाईट कधीपासून झाला?

रसायनमास्तर | १४ एप्रिल, सायंकाळी ६.०५

@वऱ्हाडी_ठेचा, वायू तोच, जागा वेगळी. साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरचा ओझोन सूर्याचे अतिनील किरण अडवतो, तो आपला राखणदार. नाकासमोरचा ओझोन मात्र श्वासनलिकेचं अस्तर भाजून काढतो. म्हणून तर २००९ च्या राष्ट्रीय मानकांत त्याची मर्यादा घालून दिली आहे : आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम, एका तासाला १८०.

आता ताईंचा प्रश्न. मी एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. हा धडा आला की उसनवारीचं उदाहरण द्यायचो, तेच इथे देतो.

ओझोन कुठल्या चिमणीतून किंवा सायलेन्सरमधून बाहेर पडत नाही, तो हवेतच बनतो. जिथे काही रसरसून जळतं, मग ते ट्रकचं इंजिन असो, कोराडीच्या वीजकेंद्राचा बॉयलर असो की साग-बांबूचं रान, तिथे नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात. त्यातला नायट्रोजन डायऑक्साइड उन्हात फुटतो. एक ऑक्सिजन अणू सुटतो आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूला जाऊन चिकटतो. झाला ओझोन. मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड हा सावकार. तो ओझोनला गाठतो आणि आपला अणू वसूल करून घेतो. दिलं, घेतलं, हिशेब फिटला. एवढ्यावर थांबलं असतं तर ओझोन साचलाच नसता.

पण मध्ये तिसरा येतो. पेट्रोलची वाफ, रंगातलं थिनर, अर्धवट जळालेल्या लाकडातून निघणारे वायू, या सगळ्यांना मिळून व्हीओसी म्हणतात, म्हणजे सहज उडून जाणारे सेंद्रिय पदार्थ. दिवसा हवेत त्यांचे तुकडे होतात आणि त्यातून निघालेले अतिशय चळवळे रेणू त्या सावकाराचं देणं परस्पर फेडून टाकतात. ओझोनकडचा अणू ओझोनकडेच राहतो आणि सावकार पुन्हा उसनं द्यायला मोकळा. दिवसभर हे चक्र फिरत राहतं.

म्हणजे जळण्यातून निघालेली नायट्रोजनची ऑक्साइडं, सेंद्रिय वाफा आणि ऊन, हे तिघं एकत्र आले पाहिजेत. वणव्यात पहिले दोन एकाच ठिकाणी मिळतात. ताई, तुमच्याकडे रात्री धूर होता तेव्हा ऊन नव्हतं. सकाळपर्यंत दिसणारे कण बरेचसे पांगले किंवा खाली बसले, वायू मात्र हवेत होते. वर ऊन चढलं. हे सगळं दुपारी दोन ते चारच्या सुमारास शिगेला पोचतं, आणि लेकाची खेळायची वेळ नेमकी तीच होती.

फुटाळा_फेरी | १४ एप्रिल, सायंकाळी ६.४०

सर, उसनवारीमुळे पहिल्यांदा डोक्यात शिरलं. बारावीत नुसतं पाठ केलं होतं. __/\__

रानवाटा | १४ एप्रिल, रात्री ९.१५

वणव्याबद्दल थोडं लिहितो. चार उन्हाळे मी पेंचच्या जंगलाच्या बाजूला वनरक्षकांसोबत फिरलोय, आग विझवण्यातही हात लावलाय.

आपल्याकडची आग बहुतेक वेळा माणसाच्या हातून लागते. मोहाची फुलं पहाटे गळतात, झाडाखाली पाचोळा असला तर दिसत नाहीत, म्हणून वेचणारे खालचा पालापाचोळा जाळतात. तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणूनही कुणी काडी लावतं. वारा आला की ती झाडाखालची आग नाला ओलांडून पलीकडे जाते. वनविभाग फेब्रुवारीच्या आधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, काढून ठेवतो, उपग्रहावरून आग दिसली की मोबाईलवर संदेश येतो, पाठीवर ब्लोअर घेऊन पोरं धावतात. हातात साधी हिरवी फांदी घेऊनही आग झोडपतात.

मी हे लिहितोय ते सरांच्या मुद्द्यासाठी. दोन प्रकारचं जळणं असतं. ज्वाळा असतात तेव्हा धूर त्या मानाने कमी आणि उष्णता जास्त, तेव्हा नायट्रोजनची ऑक्साइडं जास्त निघतात. ज्वाळा गेल्यावर मात्र पडका ओंडका आतल्या आत धुमसत राहतो. एक सागाचा बुंधा मी तिसऱ्या दिवशीही धुमसताना बघितलाय. वरून नुसती राख, काठी खुपसली की आत लाल, आणि वास असा की डोळ्यांत चटकन पाणी. त्या धुमसण्यात कार्बन मोनॉक्साइड आणि सेंद्रिय वायू भरपूर निघतात, फॉर्माल्डिहाइडसुद्धा. "आग विझली" अशी नोंद होते, तेव्हा हे दुसरं जळणं चालूच असतं.

मोह वेचणाऱ्यांवर राग काढू नका, ही विनंती. दोन-अडीच महिन्यांची कमाई असते ती. झाडाखाली जाळी किंवा जुनी साडी अंथरली तर पाचोळा जाळावा लागत नाही. काही गावांनी ते सुरू केलंय.

इतवारीकर | १५ एप्रिल, सकाळी ८.२०

सगळं वाचलं, छान माहिती. पण शीर्षकात तेलविहिरी कशाला? नागपूरच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत, मँगनीज आहे. तेलाचा एक थेंब नाही. मुंबईपासून दूर समुद्रात बॉम्बे हाय, इकडे आसाम, गुजरात, राजस्थान. आपल्याला त्याचं काय? स्थानिक प्रश्नावर बोलूया.

मामेभाऊ_दुलियाजान | १५ एप्रिल, सकाळी ११.४५

ताईने लिंक पाठवली म्हणून इथे खातं उघडलं. मूळचा नागपूरच्या महाल भागातला, गेली चौदा वर्षं आसामात. तेलाच्या बाजूचं मी सांगतो.

तेल एकटं वर येत नाही. सोबत वायू येतो, पाणी येतं, वाळू येते. खाली प्रचंड दाबाखाली वायू तेलात विरघळलेला असतो. टाकीत आल्यावर दाब सुटतो आणि तो उसळून बाहेर पडतो. गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर होतं तसंच. टाकीच्या डोक्यावर माप घ्यायचं झाकण असतं. ते नीट बसलं नसेल किंवा त्याचं रबर झिजलं असेल तर तिथून वाफ निघत राहते, दिवसरात्र. डोळ्यांना काहीही दिसत नाही. एकदा तपासणीच्या वेळी इन्फ्रारेड कॅमेऱ्यातून मला बघायला दिलं. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर शांत टाकी, मागे निळं आभाळ. कॅमेऱ्यात त्याच झाकणाच्या कडेने काळी वाफ लोळत खाली उतरत होती, थेट आम्ही उभे होतो तिथपर्यंत. त्या दिवसापासून "वास येत नाही म्हणजे गळती नाही" असं मी कुणाला म्हणू देत नाही.

त्या वाफेत मिथेन असतो, प्रोपेन, ब्युटेन, बेंझीन, टोल्यूइन असतात. मिथेन हवेत फार सावकाश मोडतो, दशकभर टिकतो आणि सगळ्या जगाचा ओझोन हळूहळू वाढवतो. बाकीचे त्याच दिवशी, जवळपासच कामाला लागतात. वायूतलं पाणी काढणारी यंत्रं, वायूच्या दाबावर चालणारे व्हॉल्व्ह, तेही थोडं थोडं सोडतात. ड्रिलिंगची मोठी डिझेल इंजिनं नायट्रोजनची ऑक्साइडं देतात. आणि जो वायू वापरता येत नाही तो फ्लेअरला, म्हणजे उंच नळीच्या टोकावरच्या ज्योतीला, लावून जाळतात. जोराचा वारा असला की ती ज्योत सगळा वायू जाळू शकत नाही, काही तसाच निसटतो. म्हणजे सरांच्या गोष्टीतला सावकार आणि त्याचं देणं फेडणारा, दोघंही एकाच आवारात. वर ऊन आहेच.

बाघजान आठवतं का? २७ मे २०२० ला तिनसुकिया जिल्ह्यातली ती विहीर फुटली, ९ जूनला तिला आग लागली आणि ती पूर्ण विझायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला. दोन अग्निशमन जवान गेले. आग लागण्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्या बाजूच्या एका गावात गेलो होतो. केळीच्या पानावर बोट फिरवलं तर बोट तेलकट. पुसलं तरी वास जाईना. शेजारी मागुरी बील, म्हणजे मोठं तळं, पलीकडे डिब्रू-सैखोवाचं राष्ट्रीय उद्यान. तिथल्या माणसांना कुणी "ओझोन" हा शब्द सांगितला नव्हता. डोळे चुरचुरतात, पोरं खोकतात, एवढं ते सांगत होते.

उन्हाळपाखरू | १५ एप्रिल, दुपारी १२.०२

दादू, हे तू मला फोनवर कधीच सांगितलं नाहीस.

मामेभाऊ_दुलियाजान | १५ एप्रिल, दुपारी १२.१०

मामीच्या कानावर गेलं असतं तर तिने मला परत बोलावलं असतं, ताई.

बर्फातला_नागपूरकर | १५ एप्रिल, रात्री १०.५०

@इतवारीकर, तेलविहिरींचा विषय का महत्त्वाचा, त्याचं एक उदाहरण. मी तीन वर्षं अमेरिकेत वायोमिंगला होतो, ग्रीन रिव्हरच्या खोऱ्यात. पाइनडेल नावाचं अगदी छोटं गाव, चारी बाजूंनी मोकळं माळरान, लांबवर बर्फाचे डोंगर. शहर नाही, रहदारी नाही. फक्त नैसर्गिक वायू आणि तेलाच्या विहिरी, पार क्षितिजापर्यंत.

सगळी पुस्तकं सांगायची की ओझोन म्हणजे उन्हाळ्यातला, मोठ्या शहरातला आजार. आणि तिथे २००५ च्या फेब्रुवारीत, शून्याखालच्या थंडीत, ओझोन मर्यादेपलीकडे गेलेला आढळला. यंत्र बिघडलं असेल असं वाटण्यासारखीच गोष्ट. पण २००८ आणि २०११ च्या हिवाळ्यांतही तेच झालं. यूटा राज्यातल्या युइंटा खोऱ्यातही तसंच. कारण असं की जमिनीवर बर्फ साचलं की त्यावरून ऊन परत उसळतं, म्हणजे हवेला वरूनही ऊन आणि खालूनही. थंड हवा खोऱ्यात तळाशी अडकते, वर गरम हवेचं झाकण बसतं. विहिरींची सगळी वाफ आणि इंजिनांचा धूर त्या पातळ थरात कोंडून राहतो. आकाश मात्र निळं, हवा इतकी स्वच्छ दिसायची की डोंगरावरचं एकेक झाड मोजावं. आणि शाळेतून निरोप यायचा : आज मुलांना बाहेर खेळायला सोडू नका.

२०१२ मध्ये तिथल्या सरकारने त्या भागाला ओझोनचं मानक न पाळणारा भाग म्हणून जाहीर केलं. टाक्यांची झाकणं, व्हॉल्व्ह, इंजिनं यांचे नियम कडक झाले. उन्हाळपाखरूताईंची पोस्ट वाचताना मला तो शाळेचा निरोप आठवला. निळ्या आकाशाने मी पण फसलोय.

इतवारीकर | १६ एप्रिल, सकाळी ७.३५

मान्य. माझा आक्षेप मागे घेतो. पण मग नागपुरात ती वाफ कुठून येते तेही कुणी सांगा.

रसायनमास्तर | १६ एप्रिल, सकाळी ९.५०

@इतवारीकर, तेल विहिरीतून निघाल्यापासून इंजिनात जळेपर्यंत वाटेत जिथे जिथे ओतलं जातं तिथे तिथे थोडं उडतं. टँकर पंपावर रिकामा होतो तेव्हा जमिनीतल्या टाकीतली वाफ बाहेर ढकलली जाते. आपण गाडीत पेट्रोल भरतो तेव्हा गाडीच्या टाकीतली वाफ नोझलच्या कडेने वर येते. मे महिन्यात भर दुपारी पंपावर नोझलजवळची हवा थरथरताना दिसते बघा, ती वाफच. म्हणून पेट्रोल सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर भरा, आणि नोझल आपोआप बंद झाल्यावर "अजून दहाचं" म्हणून वर ओतू नका. आग आपल्याकडची, वाफ आपल्याकडची, आणि ऊन तर नवतपाचं.

लॉस एंजेलिसची गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. ते शहर मुळात तेलविहिरींचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून घरांच्या परसात विहिरी होत्या. जुलै १९४३ मध्ये एके दिवशी शहरभर असं तपकिरी धुकं दाटलं की लोकांना शत्रूचा वायुहल्ला वाटला. कृत्रिम रबरासाठीचं रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर ठपका आला, तो बंद केला, तरी धुकं येतच राहिलं. मग आरी हागेन-स्मिट नावाचे मूळचे हॉलंडचे शास्त्रज्ञ त्यात पडले. ते त्याआधी अननसाच्या वासावर काम करत होते! पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं की मोटारींचा आणि तेलशुद्धीकरणाचा धूर उन्हात शिजून हा ओझोन होतो. तिथे घरोघरी परसात कचरा जाळायच्या भट्ट्या होत्या, त्यांच्यावर १९५७ मध्ये बंदी आली.

त्या काळी तिथे गाडीच्या टायरांना वेळेआधी भेगा पडायच्या. ओझोन ताणलेल्या रबराला चिरतो, तेव्हाचे लोक त्या भेगांवरून ओझोन ओळखायचे.

सीताबर्डी_एक्सप्रेस | १६ एप्रिल, सकाळी १०.१५

अननसवाल्याने शोधलं, मग आपल्या संत्र्याचं काय सर? साल दाबलं की फवारा उडतो, तोही व्हीओसीच ना?

रसायनमास्तर | १६ एप्रिल, सकाळी १०.४०

शंभर टक्के. त्या वासातला मुख्य पदार्थ लिमोनीन. बंद खोलीत ओझोन असेल तर लिमोनीन त्याच्याशी पटकन जुळतो आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. सुगंधी फिनाईल, रूम फ्रेशनर यांतही बरेचदा तोच असतो. संत्री खाताना काही होत नाही, बिनधास्त खा. झाडंही वाफा सोडतात, निलगिरी तर उन्हात भरपूर आयसोप्रीन सोडते. पण झाडं तोडा असं त्यावरून कुणी म्हणू नये. नायट्रोजनची ऑक्साइडं कमी केली की झाडांच्या वाफेला जोडीदारच मिळत नाही.

संत्राबाग_काटोल | १६ एप्रिल, रात्री ८.३०

राजेहो, दोन दिवसांपासून वाचून राहिलो. आता बोलल्याशिवाय राहवत नाही.

दरवर्षी उन्हाळ्यात शहरातली माणसं आमच्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, आगीवर बोट दाखवतात. हो, आम्ही धुरे पेटवतो. पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळली झाडं पेटवतो, तुराट्या पेटवतो. मजूर मिळत नाही, मिळाला तं परवडत नाही, ट्रॅक्टरवाला रोटाव्हेटरचे किती घेते ते त्याले विचारा. मले हौस नाही हो काडी लावायची. पण तुमच्या गाड्या, तुमचे पंप, तुमच्या कॉलनीतला पाचोळा, ते बारा महिने चालू असते, त्याच्यावर कोणी बोलत नाही.

सरले एक विचारायचं हाये. मार्चमध्ये माझ्या गव्हाच्या पानाइवर बारीक पिवळे-तपकिरी ठिपके आले. कृषी दुकानवाल्याने फवारणी दिली, केली, काही फरक नाही. हे ओझोनचं असू शकते का?

रसायनमास्तर | १६ एप्रिल, रात्री ९.४५

भाऊ, तुमचा राग रास्त आहे, आणि तुमच्या प्रश्नात एक कडू गोष्ट दडलेली आहे.

आधी ठिपक्यांचं. पान न बघता मी ठाम सांगणार नाही, ठिपके बुरशीचे असतात, अन्नद्रव्याच्या कमतरतेचेही असतात. कृषी विद्यापीठाच्या माणसाला पान दाखवा. पण ओझोन पानाच्या छिद्रांतून आत जातो आणि आतल्या पेशी मारतो हे खरं आहे. गहू, सोयाबीन, कापूस ही त्याला हळवी पिकं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानसंशोधन संस्थेतल्या सचिन घुडे आणि सहकाऱ्यांचा २०१४ मधला अभ्यास आहे. त्यात २००५ सालच्या ओझोनमुळे देशाचं गहू आणि तांदूळ मिळून किती नुकसान झालं त्याचा हिशेब मांडलाय. गव्हाचंच सुमारे ३५ लाख टन. एकूण धान्य साधारण ९ कोटी ४० लाख लोकांना पुरलं असतं.

आता कडू गोष्ट. शहराच्या चौकात ओझोन बरेचदा कमी असतो, कारण गाड्यांतून निघणारा ताजा नायट्रिक ऑक्साइड, आपला तो सावकार, जागच्या जागी त्याला खातो. वारा ती हवा घेऊन गावाकडे जातो, वाटेत ऊन लागतं, सावकार विरळ होतो आणि ओझोन वाढतो. म्हणजे सीताबर्डीच्या धुराचा ओझोन सावनेर-काटोलच्या शेतावर उतरू शकतो. शहर बनवतं, शेत भोगतं. आणि हवा मोजायची यंत्रं बहुतेक शहरातच.

लॉकडाऊनचं_आकाश | १६ एप्रिल, रात्री १०.०५

म्हणूनच का २०२० मध्ये गाड्या बंद असताना पीएम, म्हणजे हवेतले धूलिकण, खाली आला पण बऱ्याच शहरांत ओझोन खाली आलाच नाही?

रसायनमास्तर | १६ एप्रिल, रात्री १०.१२

बरोब्बर. काही ठिकाणी तर वाढला. खाणाराच घरी बसला होता. म्हणून नुसती नायट्रोजनची ऑक्साइडं कमी करून लगेच फरक दिसत नाही, सोबत वाफाही कमी कराव्या लागतात.

रानवाटा | १६ एप्रिल, रात्री १०.३०

@संत्राबाग_काटोल भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आमच्या बाजूच्या एका गावात पाच जणांनी मिळून पऱ्हाटी कुट्टी करायचं यंत्र भाड्याने आणलं, खर्च वाटून घेतला. सगळ्यांना जमेल असं नाही. पण धुरा पेटवावाच लागला तर वारा पडलेला असताना आणि जंगलाकडची बाजू आधी साफ करून पेटवा, एवढं नक्की सांगतो. मागच्या वर्षी एका धुऱ्याची आग आमच्या बीटात, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीतल्या जंगलात, शिरली होती, सोळा तास लागले.

आणि सर, एक राहिलं. लांबच्या वणव्याचा परिणाम इथवर येतो का?

रसायनमास्तर | १७ एप्रिल, सकाळी ८.००

येतो. आगीच्या धुरात पॅन नावाचा एक पदार्थ तयार होतो, पूर्ण नाव पेरॉक्सीअ‍ॅसिटिल नायट्रेट. डोळे चुरचुरतात त्यात त्याचाही हात. थंडीत तो टिकतो, उष्णतेत फुटतो. आगीच्या झोताबरोबर तो उंच, थंड हवेत गेला की शेकडो किलोमीटर प्रवास करतो, आणि खाली गरम हवेत उतरला की आत बांधून आणलेला नायट्रोजन डायऑक्साइड सोडून देतो. शिदोरी सोडल्यासारखा. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या गवत-जंगलांच्या आगींमुळे दक्षिण अटलांटिक समुद्रावर, जिथे ना गाडी ना गाव, ओझोन वाढतो हे १९९२ च्या मोठ्या मोहिमांमध्ये विमानांनी मोजलंय. वातावरणाचे रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रुत्झन यांनी तर १९७९ मध्येच झाडझाडोऱ्याच्या आगींकडे लक्ष वेधलं होतं. १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात तेही होते.

धूर फार दाट असला तर मात्र त्याच्याखाली ऊनच पोचत नाही आणि ही क्रिया मंदावते.

कुवेत_रिटर्न | १७ एप्रिल, सकाळी ९.१०

सरांचं शेवटचं वाक्य वाचून वडिलांची आठवण झाली. १९९१ मध्ये युद्धानंतर ते कुवेतला कामावर परत गेले, तेव्हा सहाशेच्या वर विहिरी जळत होत्या. शेवटची विझली नोव्हेंबरात. ते सांगायचे, दुपारी बाराला गाडीचे दिवे लावून जायचो, सदऱ्याची कॉलर संध्याकाळी काळी. ऊन दिसायचं ते वारा फिरला की, आणि डोळ्यांची आग त्याच दिवशी जास्त व्हायची. त्याचं कारण आम्हाला कधी कळलं नव्हतं. आज बाबा असते तर त्यांना हा धागा वाचून दाखवला असता.

सिस्टर_मेडिकल_चौक | १७ एप्रिल, दुपारी १.२५

उन्हाळपाखरू ताई, कामाचं सांगते. ओझोन वायू आहे, साध्या मास्कने किंवा एन ९५ नेही तो थांबत नाही. दुपारी बारा ते पाच बाळाला धावण्या-खेळण्यापासून घरात ठेवा. दारं-खिडक्या लावलेल्या घरात तो बाहेरपेक्षा बराच कमी असतो. धुराच्या दिवशी मास्कचा उपयोग आहे, ओझोनच्या दिवशी वेळ बदलण्याचा आहे. खोल श्वास घेताना छातीत दुखतं, कोरडा खोकला येतो, ही त्याची लक्षणं. नियमित घ्यायचा पंप "आज बरा आहे" म्हणून चुकवू नका, डॉक्टरांनी सांगितलाय तसाच द्या. आणि "ओझोन सोडून हवा शुद्ध करणारं" म्हणून जी यंत्रं विकतात, ती दमेकऱ्याच्या घरात अजिबात आणू नका.

उन्हाळपाखरू | १७ एप्रिल, रात्री ९.००

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. लेकाला उसनवारीची गोष्ट सांगितली तर त्याने वहीत सावकाराचं चित्रच काढलं, पागोट्यासकट. खेळायची वेळ सकाळी साडेसहा केली आहे. कॉलनीच्या ग्रुपवर पाचोळ्याचं लिहिलं, तिघांनी विरोध केला, पाच जण खड्डा खणायला तयार झाले. रविवारी मागच्या भिंतीपाशी खणतोय.

सर, टायरांच्या भेगांवरून ओझोन ओळखायचे म्हणालात, तसा रबराचा प्रयोग घरी करता येईल का? लेक मागे लागलाय.

रसायनमास्तर | १७ एप्रिल, रात्री ९.२०

येईल की. साधे पातळ रबर बँड घ्या. दोन एका फळीवर खिळ्यांना ताणून लावा, दोन तसेच सैल ठेवा. गच्चीवर ठेवा पण सावलीत, नाहीतर उन्हाने रबर वेगळंच खराब होईल. दोन रबर बँड झाकण घट्ट लावलेल्या काचेच्या बरणीत, तेही ताणून. रोज भिंगातून बघा. ओझोनची भेग ताणाच्या आडवी जाते, ही तिची खूण.

उन्हाळपाखरू | २९ एप्रिल, सायंकाळी ५.४०

धागा वर काढतेय. आज बारावा दिवस. सैल रबर बँड जसेच्या तसे. बरणीतले जसेच्या तसे. गच्चीच्या सावलीत ताणलेल्या दोन्हींवर बारीक आडव्या भेगा, भिंगातून स्वच्छ दिसतात. लेकाने मोजल्या, एका बाजूला चौदा. मग मला विचारलं, "आई, माझ्या छातीत पण असंच होतं का?" मी त्याला जवळ घेतलं.

@संत्राबाग_काटोल भाऊ, एक फळी आणि त्याच पाकिटातले रबर बँड तुमच्यासाठी काढून ठेवलेत. तुमच्या बागेत सावलीला लावा आणि आमच्यापेक्षा भेगा जास्त पडतात का ते बघून कळवा. पत्ता व्यनि करा, लेक स्वतः पार्सल बांधणार आहे.

संत्राबाग_काटोल | २९ एप्रिल, रात्री ८.१५

व्यनि केला ताई. विहिरीजवळच्या आंब्याखाली लावतो, तिथे दिवसभर सावली असते. पोराले सांगा, मोजून कळवतो.